फॉर्म क्रमांक १४७

अस्मिता पगारे आमच्याकडे पहिल्यांदा आली ती २१ जानेवारी २००७ रोजी, रविवारी. अंबरनाथला विहाराच्या मागच्या खोलीत आमच्या समाजाचं वधूवर मंडळ भरत असे आणि फॉर्मांचं रजिस्टर माझ्याकडे होतं. सचिव दिनानाथ सरांनी मंडळाची वेबसाइट करायचं काम उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या एका शेठला दिलं होतं. शेठचं खाली जीन्सचं दुकान आणि वर माळ्यावर तीन कॉम्प्युटर. त्या माळ्यावरची एकुलती एक प्रोग्रॅमर म्हणजे अस्मिता. वय चोवीस, राहणार कुळगाव.

तिनं पिशवीतून दोनशे पानी वही काढली आणि विचारायला सुरुवात केली.

"आजी, मुलीचा पत्ता कोणाला दिसावा? सगळ्यांना, की फक्त सभासदांना?"

"सभासदांना."

"पासवर्ड विसरला तर त्यानं कोणाला विचारायचं? आणि एकाच फॉर्मवर आई आणि मामा दोघांनी एकदम दुरुस्ती केली, तर कोणाची ठेवायची?"

दिनानाथ सर वैतागले. "पोरी, तू साइट बनवायला आलीस की आमची परीक्षा घ्यायला?"

"सर, आत्ता नाही विचारलं तर नंतर तुम्हीच मला फोन करणार."

तेवढ्यात शेठचाच फोन आला. आवाज खोलीभर ऐकू येत होता. "अरे साईं, तू वकील है क्या? पूछना बंद कर, दस दिन में साइट चाहिए!"

तिनं फोन ठेवला आणि शेवटचा प्रश्न विचारला. कोणी फॉर्म मागे घेतला, तर माहिती पुसून टाकायची की नुसती लपवायची?

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर तिच्यापुढे सरकवलं. मागे घेतलेल्या फॉर्मवर मी लाल शाईनं एक आडवी रेघ मारत असे आणि खालचं सगळं वाचता येत असे. लिहिलेलं खोडायचं नाही, ही शिस्त मला लहानपणी कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी लावलेली होती आणि तिचा मला अभिमान होता. मी म्हटलं, "तुझ्या साइटवरही असंच कर. पुसू नकोस काही. आणि फॉर्मचे नंबर हेच ठेव, लोक नंबरानंच विचारतात."

"बरं, आजी," म्हणून तिनं ते लिहून घेतलं.

एप्रिलमध्ये खरवईच्या गयाबाईंनी मुलीचा, यशोधराचा, फॉर्म भरला. घटस्फोट झालेला, चार वर्षांची चिमी पदरात. रजिस्टरला नंबर १४७. पुढच्याच रविवारी यशोधरा स्वतः धापा टाकत आली.

"आईनं मला न विचारता भरलाय. काढा तो. आम्ही उल्हासनगरची खोली सोडून खरवईला आलोय ते कोणाला सांगितलेलं नाही. चिमीचा बाप मला शोधतोय. कोर्टानं पोर मला दिली, ते त्याला सहन होत नाही."

मी लाल रेघ मारली. फॉर्म साइटवर चढवायला अस्मिता मंडळाच्या कॉम्प्युटरवर बसलेली होती. तिनं 'रद्द' दाबलं आणि यशोधराला यादी दाखवली. एकशे सेहेचाळीस, मग एकशे अठ्ठेचाळीस. मधला नंबर नव्हता.

"गेला?"

"गेला, ताई."

१२ जुलैला बालवाडी सुटताना भगवाननं, म्हणजे चिमीच्या बापानं, तिला रिक्षात घातलं आणि नेलं. पोलीस त्याच्या खोलीवर गेले तर कुलूप. पत्ता फुटला कसा, हे कोणालाच कळेना. यशोधराचा संशय आईवर होता, गयाबाई कोणाकोणापाशी बोलत म्हणून. ती आईशी बोलेनाशी झाली. गयाबाईंनी अन्न सोडल्यासारखंच केलं.

मंगळवारी अस्मिता माझ्या घरी आली. चप्पल दारात काढून ती तिथेच उभी राहिली.

"आजी, भगवान आपला सभासद आहे. जूनमध्ये सायबर कॅफेतून त्यानं स्वतःचा फॉर्म भरलाय. घटस्फोटित, अपत्य नाही, असं लिहिलंय."

"मग?"

"पानाच्या पत्त्यात शेवटी फॉर्मचा नंबर येतो. यादीत १४७ नाही म्हणून त्यानं हातानं १४७ टाकून पाहिलं असणार. पान उघडलं. नऊ वेळा उघडलंय, सगळी नोंद आहे. यादीतून मी फॉर्म काढला होता, पण पान दाखवताना तो रद्द आहे का, हे तपासायचं मी लिहिलंच नव्हतं."

मी म्हटलं, "पुसू नकोस, असं मीच तुला सांगितलं होतं."

"लपवायला सांगितलं होतं तुम्ही. लपवणं माझं काम होतं."

दिनानाथ सरांनी ऐकून घेतलं आणि दार लोटलं. "कोणाला कळलंय? आज दुरुस्त कर आणि गप्प राहा. मंडळाकडे परत कोणी मुलीचा फॉर्म देईल का?"

"सर, गयाबाई जेवत नाहीत."

"ते त्यांचं घरचं."

शेठनं तर सरळच सांगितलं, बाहेर बोललीस तर उद्यापासून येऊ नकोस. घरात तिच्या एकटीचा पगार होता. वडिलांना कारखान्यानं कामावरून कमी केलेलं, भाऊ विक्रांत अजून बारावीत.

गुरुवारी आम्ही दोघी खरवईला गेलो. अस्मितानं नोंदीचा छापील कागद यशोधराच्या हातात दिला आणि मला सांगितलं होतं तसंच सगळं तिला सांगितलं. वळसे घेतले नाहीत. माझा भाग मी सांगितला.

यशोधरानं कागद दोनदा वाचला. "म्हणजे आई नव्हती."

"नाही, ताई."

"तू मला यादी दाखवली होतीस."

"हो."

"त्या रात्री मी पहिल्यांदा नीट झोपले होते." तिनं कागदाची घडी घातली आणि म्हणाली, "जा आता." स्वयंपाकघरात गयाबाई भिंतीला धरून रडत होत्या.

कागद वकिलाकडे गेला. शेठनं शब्द पाळला. मंडळाची साइट बंद झाली आणि रजिस्टर मी सरांच्या स्वाधीन केलं. अस्मिता एका पॅकिंगच्या कारखान्यात लागली, आठ तास उभ्यानं.

आज ऑक्टोबर २००९. चिमी सापडलेली नाही. अस्मिताचं म्हणणं, भगवान पुन्हा लग्न करणार आणि कुठल्या तरी मंडळात फॉर्म भरणारच. सुट्टीच्या दिवशी ती माझ्याकडे येते आणि राज्यातल्या वधूवर मंडळांना आम्ही पत्रं लिहितो: या नावाचा माणूस तुमच्याकडे आहे का, असल्यास पोलिसांना कळवा. आजवर एकेचाळीस पत्रं गेली. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही.

गेल्या आठवड्यात नाशिककडच्या एका मंडळाचं पोस्टकार्ड आलं. आमच्या सभासदांची माहिती बाहेरच्या कोणालाही दिली जात नाही, क्षमस्व.

अस्मितानं ते वाचून माझ्याकडे दिलं. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली आणि पुढचं पाकीट चिकटवायला घेतलं.