ते तुझ्याबद्दल नव्हतं

लोवेल ट्वेट बोलण्यासाठी कधीच प्रसिद्ध नव्हता. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याचा जन्म गेला. बस का बंद पडली असं विचारलं, तर "पंप" एवढंच सांगून तो पुन्हा गाडीखाली शिरायचा. त्याचा मित्र मायरन त्याच्याही वरताण. दोघांनी मिळून प्लायवूडची एक खोपटी बांधली होती आणि बसचा उरलेला पिवळा रंग तिला फासला होता. दर हिवाळ्यात तळं गोठलं की ती ओढत नेऊन बर्फावर उभी करायची, खाली दोन भोकं पाडायची, शेगडी पेटवायची आणि दिवसभर गळ टाकून बसायचं. आमच्या मिनेसोटात अर्धं गाव असंच बसतं, पण या दोघांइतकं गप्प कुणी नाही. एकदा सकाळी मायरन म्हणाला, "वारा फिरला." दुपारी लोवेल म्हणाला, "हं." त्या दिवशी भरपूर गप्पा झाल्या असं दोघांचं मत होतं.

मग या दोन मुक्यांच्या हाती मोबाइल आले आणि दोघांनाही कंठ फुटला.

गावाचं फेसबुकवर एक पान आहे. हरवलेली कुत्री शोधायला आणि जुनी यंत्रं विकायला ते निघालं होतं. निवडणूक आली आणि तिथे कुत्र्यांच्या जागी माणसंच एकमेकांना चावायला लागली. निकाल लागला, तळं गोठलं, खोपटी बर्फावर उभी राहिली, तरी ते थांबेना. एके दिवशी मायरननं लिहिलं, "त्या पक्षाला मत देणाऱ्यांत माणुसकी उरलेली नाही. शेजारी बर्फातून खाली गेला तरी हे लोक दोर टाकणार नाहीत."

लोवेलनं त्याच पक्षाला मत दिलं होतं. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. गाडी काढून मायरनच्या दारात जावं आणि विचारावं, एवढी साधी गोष्ट होती. पण नाही. उचललं बोट, लावलं काचेला. "मेंढरं आहात तुम्ही. लांडग्यानं उचलून नेलं तरी त्यालाच मत द्याल."

त्यावर पटापट अंगठे पडले. शाबासकी, टाळ्या, "वा काका, बरोबर ठेचलंत!" आयुष्यभर गाडीखाली पडून राहिलेल्या माणसाचं इतकं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं. त्याला ते गोड लागलं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

"हे टाळ्या पिटणारे कोण आहेत, नावं तरी माहीत आहेत का?" त्याच्या बायकोनं, आर्डिसनं विचारलं.

"आपली माणसं आहेत."

"आपली? मग बोलाव की जेवायला. मायरनची खुर्ची रिकामीच आहे."

त्यानं ताट पुढे ओढलं. पण त्याच्या नजरेला चटक लागली होती ती लागलीच. दुकानात रांगेत उभा राहिला की समोरच्याची पाठ बघून हा आपला की त्यांचा, याचा अंदाज बांधायचा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई वर्षानुवर्षं त्याला गोड वाटायची, ती आता संशयित झाली. सगळा गाव चांगला होता तोवर चांगला होता, आणि आता पाहावं तिकडे लबाड. मायरनशी बोलणं बंद झालं. तसं पूर्वी तरी कुठे बोलत होते म्हणा! पण पूर्वीचा अबोला शेजारी बसून होता.

हिवाळा असाच फुकट गेला. पिवळी खोपटी तळ्यावर एकटी उभी. मार्च लागला की बर्फ वितळायच्या आत सगळ्यांनी आपापली खोपटी काढून न्यायची असा नियम आहे, नाहीतर दंड. पण लोवेलला दंडाचं काही नव्हतं. खोपटी बुडाली तर पुढच्या हिवाळ्यात मायरनशेजारी बसायला जागाच उरणार नाही, हे त्याला रोज टोचत होतं, आणि फोन उचलायला हात होत नव्हता.

शेवटी तो एकटाच पहार घेऊन गेला, आणि पाहतो तर काय! खोपटी ज्यांवर घसरते त्या खालच्या दोन लाकडी धावा बर्फात घट्ट रुततात. त्यांतली मायरनच्या बाजूची धाव कुणीतरी बर्फ फोडून मोकळी केली होती, खाली फळ्याही सरकवल्या होत्या. बरोबर मध्यापर्यंत. लोवेलच्या बाजूचा खडादेखील हलवलेला नव्हता.

"गाढव आहे लेकाचा!" लोवेल मोठ्यानं म्हणाला. त्याला हसूही आलं आणि इतकी चीड आली, की त्यानं आपली बाजू एका दमात फोडून काढली.

तेवढ्यात काठावर मायरनचा ट्रक येऊन थांबला. मायरननं लांब दोर आणून खोपटीला बांधला.

"मी ओढतो. तू मागून सांभाळ."

"हं."

खोपटी निघाली. काठाजवळचं बर्फ आधी भुसभुशीत होतं, हे शेंबडं पोरही जाणतं. खोपटी गेली वरून सरकत, आणि मागचा लोवेल गेला खाली, छातीपर्यंत. मायरन ट्रकमधून उडी मारून आला, पोटावर आडवा झाला आणि दुसरा दोर फेकला. ओढताना तो देवाच्या नावानं इतकं अभद्र बोलत होता, की ऐकून पाद्री पळून गेला असता.

मग ट्रकमध्ये हीटर लावून दोघे बसले. लोवेल मायरनच्या कोटात कुडकुडत होता.

"तू पाण्यात असतास, तर मी दोर टाकला नसता. असंच लिहिलंस ना?"

"ते तुझ्याबद्दल नव्हतं."

"मग कुणाबद्दल?"

"त्या लोकांबद्दल."

"मी त्यांनाच मत दिलंय, मायरन."

"माहितेय. पण तू लोवेल आहेस."

"मग न टाकणारा कोण? गावातलं एक नाव सांग."

मायरननं काचेतून गावातलं एकेक छप्पर पाहिलं. "इथलं कुणी नाही," तो शेवटी म्हणाला. "आणि मेंढरं कोण रे?"

"ते तुझ्याबद्दल नव्हतं," लोवेल म्हणाला आणि ओशाळला.

"माझा फोटो लावलाय लोकांनी त्याखाली. लेकीनं पाहिला. रडली ती."

लोवेलनं घरी येऊन ओले कपडेही बदलले नाहीत. आधी आपलं वाक्य पुसलं. त्याचा काय उपयोग? ते केव्हाच दुसऱ्या पानांवर गेलं होतं. खाली मायरनचा फोटो, हातात मासा, मागे पिवळी भिंत, डोक्यावर कुणीतरी काढलेले मेंढराचे कान. तो फोटो लोवेलनंच काढून गावाच्या पानावर टाकला होता. कोपऱ्यात त्याचा स्वतःचा अंगठाही आला होता.

ते कान चितारणारा माणूस कुठल्याशा वाळवंटातला होता. गोठलेलं तळं त्यानं जन्मात पाहिलं नसेल. लोवेलनं त्याला लिहिलं, "हा माझा मित्र आहे. आज यानं मला बुडताना वाचवलं. कृपा करून हे काढा."

उत्तर ताबडतोब आलं. "म्हणजे तूही त्यांच्यातलाच."

आणि बघता बघता त्याखाली अंगठे जमू लागले.