बंधाऱ्याच्या खालच्या बाजूने

प्रा. भगवानराव शेळगावकर सरांची आणि माझी पहिली भेट लातूरच्या महाविद्यालयात राज्यशास्त्राच्या वर्गात झाली. लातूर नुकताच उस्मानाबादेतून फुटून वेगळा जिल्हा झाला होता. सरकारी पाट्यांवरचा रंगही नवा होता. मी नांदेड जिल्ह्याच्या कडेच्या लोणवाडीचा, दोन वर्ग एकाच खोलीत बसणाऱ्या शाळेत शिकलेला. सरांनी माझे नाव आणि गाव विचारले आणि म्हणाले, "आजपासून वर्षभर तुम्ही नेपाळ."

ती सरांची पद्धत होती. आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवताना ते प्रत्येकाला एकेक देश देत. बलाढ्य देश दोघांतिघांच्या वाट्याला येत. बाकीचे आम्ही लहान आणि गरीब. नियम एकच होता. मोठ्या देशाने बोलण्याआधी लहान देशाचे म्हणणे त्या लहान देशालाच पटेल असे सांगायचे. लहान देशाने "हो, हेच" म्हटल्याशिवाय मोठ्याला आपले धोरण मांडता येत नसे. खानावळीतही मित्र ओरडत, "ए नेपाळ, वरण सरकव की इकडं!"

सर बहात्तरच्या दुष्काळाची आठवण सांगत. तेव्हा रेशनवर परदेशातली लाल मिलो ज्वारी आली होती. "त्या भाकरीने आमची पोटे भरली, हे विसरू नका. पण धान्य देणारा देश आपले मतही मागतो, आणि ते मिळाले नाही तर जहाजाला उशीर होतो, हेही विसरू नका." मग माझ्याकडे वळून विचारत, "मीठ, रॉकेल दुसऱ्याच्या अंगणातून आणावे लागणाऱ्या देशाला कसे वाटत असेल?" बलाढ्य देश दूरच असतो असे नाही, आपणही कुणाचे तरी थोरले शेजारी आहोत, हे मला तिथे पहिल्यांदा कळले.

लोणवाडीत वर्तमानपत्र येत नसे. म्हणून सुट्टीत सर दर आठवड्याला पोस्टकार्ड पाठवत. त्यावर बारीक अक्षरात नेपाळची बातमी असे. पोस्टमनकाका ते वाचूनच हातात देत आणि म्हणत, "तुमच्या राज्यात समदं ठीक हाय बरं का!"

पण सरांचे मोठेपण मला खऱ्या अर्थाने दिसले ते त्यांच्या एका चुकीत. माझ्या दुसऱ्या वर्षी पाऊस फार थोडा झाला. सरांचे गाव जांभळगाव आमच्याच नदीवर, दोन कोस वर, लातूर जिल्ह्यात. त्या गावाने बंधाऱ्याची सगळी लोखंडी दारे टाकून उरलीसुरली धार अडवली. खाली लोणवाडीत पात्रातल्या वाळूत खणलेले झिरे आटले. आमचे पिण्याचे पाणी तेवढेच होते. जिल्ह्यांची हद्द आधीही होती, पण उस्मानाबादचे ऑफिस इतके लांब, की ती कुणाला जाणवत नसे. आता कलेक्टर लातुरातच बसत होते आणि हद्द ठळक झाली होती. जांभळगावचे सरपंच, म्हणजे सरांचेच थोरले बंधू दादाराव, आमच्या माणसांना सांगत, "तुमचा जिल्हा नांदेड. तिकडं मागा."

सरांना वाईट वाटले. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी दोन बैलगाड्यांवर टाक्या बांधल्या, बंधाऱ्यातले पाणी भरले आणि गाड्यांबरोबर चालत लोणवाडीला आले. पुढच्या गाडीला फलक होता: 'जांभळगावकडून लोणवाडीस प्रेमाची भेट'. बाया रिकाम्या घागरी घेऊन उभ्या होत्या, पण एकही पुढे होईना. शेवटी माझी चुलती गयाबाई बोलली, "गुरुजी, पानी ग्वाडच आसंल. पर नदी तर आमची बी हाय. आमचंच पानी गाडीत घालून आमालाच आहेर करून राहिले व्हय?"

बाया हसल्या. सर हसले नाहीत.

गाड्या परत गेल्या तर उद्या प्यायचे काय, ही मला धास्ती. तरी मी सरांजवळ जाऊन कसाबसा म्हणालो, "सर, आधी आम्हाला विचारायला पाहिजे होते." सरांनी स्वतःच्या हाताने फलक सोडला. "चूक झाली, बाई. आजच्यापुरते हे घ्या, तुमचेच आहे. गावाला काय सांगू?"

"दारं काढा म्हनावं. येवढंच," गयाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळगावच्या पारावर बैठक भरली. सरांनी मला सोबत नेले. दादाराव भडकले, "भगवान, तू आपला कालिजात शिकीव. घरचं पानी वाटाया निघालास का?"

"दादा, तुमचं सगळं ऐकतो. पण लोणवाडी काय म्हणते, ते आधी याला पटेल असं सांगा."

"म्हनतेत, पानी द्या."

"न्हाई, दादा," मी म्हणालो.

"मंग? टाक्या वाढवा?"

"न्हाई."

दादारावांनी आधी माझ्याकडे पाहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "नदी चालू द्या म्हनतेत."

"हो, हेच."

वाद त्यानंतरही दुपारपर्यंत चालला. बागा वाळतील, असे कुणीतरी म्हणाले. बंधाऱ्यालगतची सर्वांत मोठी मोसंबीची बाग सरांच्याच वाटणीची होती. "माझी आधी वाळू द्या," एवढेच सर म्हणाले. संध्याकाळी दोन दारे निघाली. उन्हाळ्यात सरांची बाग वाळली आणि दादाराव वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. वर्गात सरांनी याचा गाजावाजा केला नाही. फक्त मोठ्या देशांच्या मदतीवर शिकवताना, "इथे मी स्वतः चुकलो आहे," असे म्हणून ते पुढे गेले.

आज सर पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. गुडघे कुरकुरतात, पण पत्राला उत्तर अजून स्वतःच्याच अक्षरात येते. यंदाही पावसाने ओढ दिली आहे. जांभळगावने ती दोन दारे पुन्हा कधी टाकली नाहीत. लोणवाडीच्या नव्या सुनांना यातले काहीच ठाऊक नाही. त्या झिऱ्यावर येतात, घागर भरतात आणि कुणाचेही आभार न मानता घरी जातात. रोज पहाटे बुद्धवंदनेला बसतो तेव्हा सर्वांचे मंगल चिंतताना माझ्या मनात सर असतात. त्यांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, आणि आभारांची वाट न पाहता वाहणारे ते पाणी त्यांनी पुष्कळ वर्षे डोळे भरून पाहावे.