कानशीचा एक हात

नीळकंठ झाडे हा भोपाळच्या कारखान्यातल्या ट्रेनिंग शॉपमधला मास्तर. उजव्या हाताची दोन बोटं वाकडी. नवी तुकडी आली की तो आधी ती बोटं दाखवी. "नागपूरचा कापसे मिस्त्री. काम चुकलं की कानशीच्या मुठीनं हाणायचा." मग स्वतः हाणायचा.

कारखान्याच्या पिपलानी वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये बायको सिंधू शेजारणींना सांगे, "ह्यांचा दोष नाही हो. त्या मेल्या कापसेनं माणूस नासवला." आतल्या खोलीतून ते ऐकताना नीळकंठला बरं वाटे.

अडचण एकच होती, शांताराम. तोही कापसेच्याच हाताखाली शिकलेला, त्याची तर तीन बोटं वाकडी. भोपाळ राजधानी झालं, मागोमाग कारखाना आला, आणि दोघं नागपूरहून एकदमच इथं आले. शांताराम शेजारच्या बाकावर शिकवी. आवाजसुद्धा चढवत नसे.

त्या वर्षी तुकडीत अकोल्याचा दत्तू होता. परीक्षा पास झाला तर नोकरी कायम, बरखेड्यात क्वार्टर, आणि बायको वंदना त्याच्या भावाच्या घरातून सुटणार. "भावजय तिला उरलंसुरलं वाढते, मास्तर," हे त्यानं फक्त नीळकंठला सांगितलं होतं.

परीक्षा म्हणजे लोखंडाचा ठोकळा घासून काटकोनात आणायचा. परीक्षक साहेब त्याला काटकोन तपासायचा गुण्या लावून खिडकीकडे धरणार. फटीतून उजेड दिसला की नापास.

परीक्षेच्या दिवशी दत्तूचा ठोकळा दुपारीच तयार झाला. "बघा मास्तर, केसाएवढाही उजेड नाही! शांतारामभाऊंनी पण बघितला."

नीळकंठनं धरून पाहिला. खरंच नव्हता. असा ठोकळा त्याला स्वतःलाही कधी जमला नव्हता. दत्तू शीळ घालत जेवायला गेला. शॉप रिकामं झालं.

नीळकंठनं मनात राग शोधला, सापडला नाही. कापसेचा चेहरा आणून पाहिला, तोही आला नाही. आठवली ती धाकटी बहीण. तो सात वर्षांचा होता, कापसेचं नावही ठाऊक नव्हतं. तिच्या परीक्षेच्या सकाळी त्यानं तिची पाटी विहिरीत टाकली होती, आणि ती रडत शोधू लागली तेव्हा तोही तिच्याबरोबर शोधू लागला होता. ती त्याचा हात धरून हिंडत होती. तेव्हा किती गोड वाटलं होतं!

त्यानं बारीक कानस उचलली आणि दत्तूच्या ठोकळ्याच्या कोपऱ्यावर एकच हात मारला.

तीन वाजता साहेबांनी गुण्या लावला. "फेल."

साहेब पुढच्या बाकाकडे वळताच शांतारामनं ठोकळा उचलला, कोपऱ्यावर अंगठा फिरवला. "झाडे, हे दत्तूचं काम नाही. आणि कापसेचं नाव मला सांगू नकोस, त्याच्या हातचा मार मीही खाल्लाय. मी साहेबांना सांगतो."

दत्तूच आडवा आला. "नको हो, शांतारामभाऊ! मास्तर कशाला करतील असं? त्यांना माझ्या घरचं सगळं ठाऊक आहे. मीच शेवटी घाई केली असेल."

"तूच असं म्हणतोस, तर साहेब माझं काय ऐकणार?" शांताराम म्हणाला. मग त्यानं ठोकळा खाली ठेवला.

नीळकंठनं दत्तूच्या पाठीवर हात ठेवला. "सहा महिन्यांनी पुन्हा बस. रोज सुटी झाली की थांबत जा, मी शिकवीन."

दत्तू डोळे पुसत वाकला आणि मास्तरांच्या पायाला हात लावला. "वंदनाला काय लिहू, मास्तर?"

"आण कागद," नीळकंठ मायेनं म्हणाला, "दोघं मिळून लिहू."