रजाचिठ्ठीआधीची चौकट

आमच्या वडिलांना नव्या घरात विजेचा मीटर नको होता. नुसता नको नव्हता, त्यांना मीटरचा रागच होता. पस्तीस वर्षं सुरतेत लूम चालवलेला माणूस; कान अर्धे तिथेच ठेवून आलेले. काम सुटल्यावर त्यांनी कामरेजच्या पुढे जमिनीचा लहानसा तुकडा घेतला आणि जाहीर करून टाकलं, की इथे तार येणार नाही, मोटार घरघरणार नाही. छपरावर सोलरच्या प्लेटा, पावसाच्या पाण्यासाठी जमिनीत टाकं, सांडपाण्याला शोषखड्डा. बस्स.

"मंग रातले चुलीना उजेडमा जेवानं का?" आईने विचारलं. त्यांना ऐकू आलं नाही, किंवा सोयीने आलं नाही.

जमीन घेण्याचं खरं कारण मला ठाऊक होतं. आमच्या खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि झोका खेळतात. सुरतेत कोसाडच्या आमच्या दोन खोल्यांत झोक्याला जागा कुठली? लहानपणी वडील जिन्याखाली दोर बांधून द्यायचे आणि येणारा-जाणारा मला वळसा घालून, शिव्या देत वर चढायचा. लग्न होऊन मी नवापूरला गेले तरी दर आखाजीला त्यांचा चेहरा पडायचा. आंडेर, म्हणजे लेक, आली आणि झोका नाही, हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

पण घर काही नुसत्या मायेने उभं राहत नाही. आधी बिनखेतीचा, म्हणजे बिगरशेतीचा हुकूम, मग नकाशा, मग रजाचिठ्ठी, म्हणजे बांधायची परवानगी. इंजिनियरने सवयीने नकाशात मीटरची पेटी काढली, ती वडिलांनी समोर बसून खोडायला लावली. कचेरीतल्या साहेबांनी विचारलं, खांब तर रस्त्यावरच आहेत, मग वीज का नको? वडील म्हणाले, "साहेब, पैंतीस साल मशीन का आवाज सुना. अब मेरेको चुपचाप बैठना है." साहेब हसले, पण टाक्याची मापं, शोषखड्ड्याचं शेजारच्या विहिरीपासूनचं अंतर, सगळं पुन्हा मागितलं. वडिलांनी फेऱ्या मारून तेही दिलं. खरं सांगायचं तर त्यांना त्या फेऱ्या आवडायला लागल्या होत्या.

एवढं सगळं नीट केलं आणि शेवटी माती खाल्ली. फाइल कचेरीत असतानाच आखाजी आली. साडेतीन मुहूर्तांतला मुहूर्त हातचा जाऊ द्यायचा, हे खानदेशी माणसाला जमणारच नाही. वडिलांनी मोकळ्या जमिनीत दाराची सागाची चौकट उभी केली, हळदकुंकू वाहिलं, आंब्याची पानं बांधली. बांधावरच्या निंबाला माझ्यासाठी झोका टांगला. आम्ही तिघांनी शेतात बसून आमरस खाल्ला. मी इतकी खुश होते, की कागदाची आठवण मलाही झाली नाही.

तिसऱ्या दिवशी साहेब जागा बघायला आले. समोर भिंत नाही, छप्पर नाही, नुसता दरवाजा उभा, आणि मागे चाळिशीची बाई झोक्यावर.

"काका, रजाचिठ्ठी वगर बांधकाम चालू कर्युं?"

"बांधकाम किधर है साहेब? दरवाजा है खाली."

साहेब चांगले होते, पण नियम नियमच. चौकट काढा, तोवर फाइल हलणार नाही, असं सांगून ते गेले. शेताचं फाटक आहे असं लिहून देऊ, असं इंजिनियरने सुचवलं. वडील त्याच्यावरच चिडले. पूजलेल्या चौकटीबद्दल खोटं लिहायचं नव्हतं, आणि पूजलेली चौकट उपटणं म्हणजे घराचा अपशकुन. ते चौकटीपाशी जाऊन बसले ते उठेनात. मला वाटलं, आता हे घर काही होत नाही. माझा जीव तुटला.

शेवटी आई उठली. चौकटीला नमस्कार करून तिने बुडाशी पाणी ओतलं, माती सैल केली. "उपटानी नही, घर लई चला," ती म्हणाली. "घर नही बांधं तवलोंग आपला घर राही."

टेंपोतून चौकट कोसाडला आली आणि दीड वर्ष आमच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आई रोज तिला उदबत्ती दाखवायची. पुढची आखाजी आली आणि गेली. रजाचिठ्ठी आली नव्हती. वडील त्या दिवशी माझ्याशी जेमतेम दोन वाक्यं बोलले.

पावसाळा संपल्यावर एका बुधवारी, मी नवापूरला माझ्या शाळेत मुलांचे पेपर तपासत असताना, त्यांचा फोन आला. कान गेल्यापासून ते फोनवर ओरडूनच बोलतात. चिठ्ठी हातात होती. चौकट पहाटेच शेतात नेऊन उभी केली होती. मुहूर्त बघितला का, मी विचारलं. नाही म्हणाले.

"पण दादा, आज तर काहीच नाही."

"झोका बांधेल शे," ते ओरडले. "मनी आंडेर ऊनी, का आखाजी. ये."

पेपर तसेच टाकून मी स्टेशनवर गेले.