बाबांचा चोर स्विच

मंडळी, आज सकाळपासून कशातच लक्ष नाही.

बाबांची जुनी गाडी वर्षभर मानपाड्याला बिल्डिंगखाली उभी आहे. त्यांना विसरायला व्हायला लागलं, तेव्हा चावी आम्हीच काढून घेतलेली. आज म्हटलं, त्यांना जरा फिरवून आणू. नवी बॅटरी टाकली. स्टार्टर फिरतोय, पण गाडी काही सुरू होईना.

मेकॅनिकने प्लग काढून बघितले, कॉइल बदलून बघितली. स्पार्कच नाही. मग म्हणाला, "दादा, चोर स्विच लावलाय का कुठे? तो बंद असेल तर करंट येणारच नाही."

हो की! गाडी चोरीला जाऊ नये म्हणून बाबांनीच तो लपवून बसवलेला. कुठे, ते आईलाही सांगितलं नाही.

बाबा बाजूलाच खुर्चीत बसलेले. मी वाकून विचारलं, "बाबा, चोर स्विच कुठेय?"

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. "ते मी फक्त माझ्या मुलाला सांगणार."

मेकॅनिक हळूच म्हणाला, "वायर डायरेक्ट करून देऊ?" मी नको म्हटलं. गाडी तशीच उभी आहे.

तुमच्या घरी असं कोणी आहे का? अशा वेळी "बाबा, मीच तो" म्हणायचं, की गप्प बसायचं?