डॉल्फिन मोजण्याचे दिवस

देशाचं संरक्षण आणि समुद्रातल्या जिवांचं संरक्षण यांचा समतोल राखण्याची जबाबदारी एकदा माझ्यावर येऊन पडली होती. कारण मिरा रोडच्या आमच्या निसर्गप्रेमी मंडळात इंग्रजी फॉर्म भरता येणारा आणि बरीच रजा शिल्लक असलेला मी एकटाच होतो.

उत्तनच्या पुढे समुद्रात तोफांचा सराव व्हायचा होता. त्याआधी जवळच्या तारोडी गावच्या देवळात सभा झाली. वर्दीतल्या साहेबांनी पडद्यावर हसऱ्या डॉल्फिनची चित्रं दाखवली. तोफा उडवण्याआधी दुर्बिणीतून पाहणी होईल, डॉल्फिन दिसले तर सराव पुढे ढकलला जाईल, असं ते म्हणाले. आमच्या मंडळानं टाळ्या वाजवल्या.

मागून एक कोळीण उठली. "आन् जालं दिसलं तं?"

तिच्या नवऱ्याचं डोल जाळं नेमकं त्याच पट्ट्यात, तळाशी रोवलेल्या खुंटांना बांधलेलं होतं. हा सगळा संसार सोडवायचा तर भांग लागतो, म्हणजे पाण्याची ओढ कमी असते ते दिवस. सरावाची तारीख होती ऐन उधाणाची, आणि त्याआधीचा भांग उलटून गेला होता.

"माणसांना आधी नोटीस दिलेली आहे," साहेब म्हणाले. "डॉल्फिनला नोटीस वाचता येत नाही."

"आमालापन न्हाय येत."

साहेब माणूस चांगला होता, हसला. पण त्याच्या फॉर्मात जाळ्यासाठी रकाना नव्हता. डॉल्फिनसाठी चार होते.

सरावाच्या आठवड्यात मी रजा टाकून किनाऱ्यावर बसलो. नाखवांनी, म्हणजे त्या कोळणीच्या नवऱ्यानं, पहाटे होडीतून फेरी मारून यायचं, किती डॉल्फिन दिसले ते सांगायचं आणि मी ते लिहून साहेबांना कळवायचं, असं ठरलं होतं.

"दिसले?"

"न्हाय."

"भाऊ, वीस लिवा," त्यांची बायको म्हणाली. "आज न्हाय तं उद्या दिसतील."

मी देवबिव मानत नाही, त्यामुळे वीस लिहायला माझी काही हरकत नव्हती. लिहिलेही. नाखवांनी माझ्या हातातून पेनच काढून घेतलं. जाळं पाण्यात असताना दर्याचा खोटा आकडा सांगितला तर जाळं रिकामं येतं, असा त्यांच्याकडचा कायदा.

"खोडा ते."

"जालंच फुटलं तं रिकामं काय न् भरलेलं काय?" बायको कडाडली. "कोन सत्यवादी भेटलाय मला!"

तीन दिवस शून्य लिहिलं. तिसऱ्या दिवशी ती नवऱ्याशी बोलायचीही थांबली. चौथा दिवस सरावाचा. त्या सकाळी होडी टेकायच्या आत नाखवांनी पाण्यात उडी टाकली.

"आले! सात हायेत! थांबा, आठ. एक पोर हाय, आईला चिकटून."

पोर वेगळं मोजायचं की नाही यावर आमचा थोडा वाद झाला. मग मी साहेबांना फोन लावला. मोबाइलचं इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, त्यामुळे त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांनी दुर्बिणीतून खात्री केली आणि सराव पुढच्या उधाणावर ढकलला.

आमच्या मंडळानं सोसायटीच्या फलकावर 'सागरी जीवसृष्टीचा विजय' असं लिहिलं. मधल्या भांगात नाखवांनी सहा माणसं लावून तीन दिवस खपून खुंट, दोर, जाळं सगळं सोडवून किनाऱ्यावर आणलं. बायकोनं मला सुक्या बोंबलांची जुडी दिली. "घ्या, डालफिनचं कमिशन."

पुढचं उधाण आलं. मी पुन्हा नोंदवही घेऊन बसलो. दहाच्या सुमारास साहेबांचा माणूस पत्र घेऊन आला. प्रशासकीय कारणास्तव सराव रद्द करण्यात आला होता.

खुंट पुन्हा रोवायचे तर पुढच्या भांगापर्यंत थांबणं भाग होतं. त्या उधाणाला बाकीच्यांच्या जाळ्यांत बोंबील मावेनात, असं सगळी तारोडी सांगत होती. नाखवांचं जाळं मात्र सुखरूप होतं. वाळूवर.