उन्हात वाळवलेली भुईआवळी

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही. चौथीपर्यंतच शिकले. कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं.

चांदूर रेल्वेजवळच्या आमच्या गावात मी निंदणाला, म्हणजे शेतातलं तण काढायला जाते. घरी एकटीच असते, लेक बाळापूरला दिली आहे. दोन वर्षांमागं अमरावतीच्या कॉलेजातल्या एक मॅडम भुईआवळी शोधत शेताच्या धुऱ्यावर आल्या. आम्ही उपटून फेकतो तीच. तापाच्या गोळ्या फार झाल्या की लिव्हर खराब होतं, या पाल्यातलं काही ते वाचवतं का, हे त्या उंदरांवर बघणार होत्या. पंधराशे रुपये देऊन म्हणाल्या, "काकू, सावलीतच वाळवा."

सोबतच्या बाया हसल्या. "कचरा इकून राहिली वं तू. आता आमाले ओळखशीन का?"

पावसाळ्याचे दिवस. सावलीत पाल्याला बुरशी धरली असती, म्हणून ऊन पडलं की मी तो मिरच्यांसारखा छपराच्या टिनावर टाकायची. कडक वाळला. मॅडम न्यायला आल्या तेव्हा तासभर बसल्या, चहा प्यायल्या. माझ्याकडं तसं कोणी बसत नाही. निघताना विचारलं, "सावलीतच ना?" मी मान हलवली.

उन्हाळ्यात त्या परत आल्या. त्यांनी आधी स्वतः वाळवलेल्या थोड्या पाल्याचा गुण दिसला होता, माझ्या पाल्यानं उंदरांचं लिव्हर वाचलं नाही. "सगळं पहिल्यापासून करावं लागेल, काकू. चूक कुठं झाली तेच कळत नाही."

तेव्हाही मी गप्प राहिले. आठ दिवसांनी एसटीनं अमरावतीला गेले.

"मी उनात वाळवली, मॅडम. तुमी इचारलं तवा मले बोलता नाई आलं."

त्या म्हणाल्या, "उन्हानं त्यातलं कामाचं गेलं असेल. तेव्हाच सांगायचं होतं."

पैसे त्यांनी मागितले नाहीत. मीच देईन म्हटलं. कापूस वेचणीच्या दिवसांत एकदम देता आले असते, पण मी महिन्याला शंभरच नेत गेले. गेलं की त्या खुर्ची द्यायच्या, लेकीचा फोन येतो का विचारायच्या. पाला मात्र मला पुन्हा सांगितला नाही. तो आता अकोल्याहून येतो.

या महिन्यात शेवटचे शंभर दिले. त्यांनी पर्समध्ये ठेवले आणि म्हणाल्या, "फिटले बरं काकू सगळे. आता एवढ्या लांब यायचा त्रास नको."